संख्याशास्त्राच्या पदवीसोबत जीवशास्त्राचा मायनर घ्यावा का, आणि घेतल्यास अभ्यासक्रम कसे निवडावेत?

प्रश्न – आकडेमोड

नमस्कार.

मी संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. मागील सत्रात ऐच्छिक विषय म्हणून जीवशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला होता आणि त्यातील आनुवंशिकीचा भाग संपल्यापासून या विषयाचा नीट, सलग अभ्यास करावा असे मला सतत वाटत आहे. मेंडेलने मटाराच्या रोपांमध्ये मोजलेले ३:१ हे गुणोत्तर शाळेपासून माहीत होते. पण माणसाच्या उंचीसारखा गुणधर्म हजारो जनुकीय फरकांच्या लहानलहान परिणामांच्या बेरजेतून घडतो आणि म्हणूनच त्याचे वितरण घंटेच्या आकाराचे दिसते, हे वर्गात ऐकले तेव्हा आम्ही नुकत्याच शिकलेल्या मध्यवर्ती सीमा प्रमेयाचा खरा अर्थ मला पहिल्यांदा लागला.

आमच्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या मायनरसाठी (मुख्य विषयासोबतच्या दुय्यम विषयासाठी) सहा अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांपैकी दोन प्राथमिक आहेत, उरलेले चार वरच्या पातळीचे असावे लागतात आणि त्या चारांपैकी किमान दोहोंना प्रात्यक्षिक जोडलेले असले पाहिजे. पहिला प्राथमिक अभ्यासक्रम झाला आहे आणि दुसरा या सत्रात चालू आहे. तिसऱ्या वर्षाची नोंदणी लवकरच सुरू होणार असल्यामुळे निर्णय आताच घ्यावा लागेल.

माझी पहिली अडचण रसायनशास्त्राची आहे. शाळेनंतर मी तो विषय शिकलेला नाही, आणि जीवशास्त्राच्या पुष्कळ वरच्या अभ्यासक्रमांना सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आधी पूर्ण केलेले असण्याची अट आहे. दुसरी अडचण पाठांतराची. एखादे विधान का खरे आहे हे समजले की ते माझ्या लक्षात राहते. नुसती नावे आणि रासायनिक मार्ग पाठ करणे मला जमेल का, याची खात्री वाटत नाही. शिवाय प्रात्यक्षिकांचे तास श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) मानाने फार असतात असे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात, आणि तिसऱ्याच वर्षी माझ्या मुख्य विषयात रिअल अॅनालिसिस (सीमा, सातत्य अशा कल्पनांचे काटेकोर गणित) आणि गणितीय संख्याशास्त्र हे दोन्ही कठीण अभ्यासक्रम आहेत.

पुढे जैवसंख्याशास्त्रात (जीवशास्त्र आणि वैद्यक यांतील संख्याशास्त्रात) पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार आहे. त्या प्रवेशासाठी आणि त्यानंतरच्या कामासाठी मायनरचा खरोखर उपयोग होतो का, की तेवढेच अभ्यासक्रम गणितात घेतलेले बरे? ज्यांनी असा जोडअभ्यास केला आहे किंवा जीवशास्त्र शिकवले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर – वंशवेल

मायनर अवश्य घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यातून काय हाती लागेल हे सर्वस्वी अभ्यासक्रमांच्या निवडीवर अवलंबून आहे. मी स्वतः संख्याशास्त्रासोबत जीवशास्त्राचा मायनर पूर्ण केला आणि आता एका संशोधन गटात जनुकीय माहितीच्या विश्लेषणाचे काम करतो.

मायनर घेणारे बरेच विद्यार्थी वेळापत्रकात बसेल तो अभ्यासक्रम घेत जातात: एक वनस्पतींचा, एक मानवी शरीररचनेचा, एक पर्यावरणाचा. सहा अभ्यासक्रम भरतात, गुणपत्रिकेवर नोंद होते, परंतु जीवशास्त्रातील एकाही प्रश्नाच्या जवळ जाऊन तो स्वतः हाताळण्याइतकी तयारी होत नाही. त्यापेक्षा एकाच्या आधाराने दुसरा समजेल असे अभ्यासक्रम ओळीने घ्यावेत. तुमचे कुतूहल जेथून सुरू झाले आहे ते पाहता आनुवंशिकी, मग उत्क्रांती किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्स (समूहातील जनुकांच्या प्रमाणांचा अभ्यास) आणि शेवटी जीनोमिक्स (जीवाच्या संपूर्ण डीएनएचा, म्हणजे जीनोमचा अभ्यास) हा क्रम मला तुमच्यासाठी योग्य वाटतो. या वाटेवर रसायनशास्त्राची अटही फारशी आड येत नाही. आनुवंशिकीसाठी सहसा प्राथमिक जीवशास्त्र आणि फार तर सामान्य रसायनशास्त्र पुरते; सेंद्रिय रसायनशास्त्राची अट मुख्यतः जीवरसायनशास्त्राला आणि पेशीतील रेणूंचा सखोल अभ्यास करणाऱ्या अभ्यासक्रमांना असते. तरीही सामान्य रसायनशास्त्राचे एक सत्र करता आले तर करावे. डीएनएच्या ए-टी जोडीत दोन आणि जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात एवढी साधी गोष्ट माहीत असली, तरी जीनोमच्या काही भागांचे वाचन डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून कमी-जास्त का येते, या प्रश्नाची सुरुवात कोठून करायची ते कळते.

संख्याशास्त्र शिकणाऱ्याला जीवशास्त्र कशासाठी यायला हवे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पद्धती तर तुम्ही शिकतच आहात. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. दोन गटांत प्रत्येक जनुकाच्या सक्रियतेची तुलना करून ५ टक्के पातळीवर चाचणी लावली, तर प्रत्यक्षात कोठेही फरक नसतानासुद्धा सुमारे १,००० जनुके वेगळी असल्याचे दिसेल, हे तुम्ही आजच सांगू शकाल. त्यावर १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी मांडलेली, अशा खोट्या फरकांचे प्रमाण आटोक्यात ठेवणारी पद्धत कशी वापरायची हेही थोड्याच दिवसांत शिकाल. इथपर्यंत जीवशास्त्र आले नाही तरी निभावते. निभावत नाही ते त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे तक्त्यातील एक ओळ नेमके कशाचे प्रतिनिधित्व करते हे ठरवताना.

समजा, तीन उंदरांना औषध दिले आहे, तिघांना दिलेले नाही, आणि प्रत्येकाच्या यकृताचे चार तुकडे तपासले आहेत. तक्त्यात २४ ओळी येतात आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना २४ निरीक्षणे मानून उत्तर देते. औषध मात्र उंदराला दिले होते, तुकड्याला दिले नव्हते. त्यामुळे तुलनेसाठी स्वतंत्र निरीक्षणे सहाच आहेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिस्थितिकीतील (जीव आणि त्यांचा परिसर यांच्या अभ्यासातील) प्रयोग तपासून या दोषाला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) असे नाव दिले आणि तो किती सर्रास आढळतो हे दाखवले. उत्क्रांतीच्या अभ्यासात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. शंभर प्रजातींच्या शरीराचे आणि मेंदूचे वजन घेऊन रिग्रेशन (एका राशीचा दुसरीशी असलेला संबंध मोजणे) करताना त्या शंभर प्रजातींना स्वतंत्र मानता येत नाही, कारण जवळच्या प्रजातींनी बरेचसे गुणधर्म एकाच पूर्वजाकडून घेतलेले असतात. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये वंशवृक्षाचा आधार घेऊन यावर उपाय मांडला. तो उपाय गणिताच्या दृष्टीने अवघड नाही. परंतु निरीक्षणे स्वतंत्र नाहीत ही शंका मनात येण्यासाठी प्रजाती कशा निर्माण होतात हे आधी समजलेले असावे लागते, आणि ती समज सूत्रांच्या पुस्तकातून येत नाही.

अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतही हे दिसते. मार्च-१ आणि सेप्ट-२ अशी नावे असलेली जनुके स्प्रेडशीटमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत असत आणि अनेक प्रकाशित तक्त्यांमध्ये त्या तशाच राहिल्या. अखेर मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशी नावेच बदलल्याचे जाहीर केले. जनुकांच्या यादीत तारीख असू शकत नाही हे ज्याला जाणवते, त्याच्या हातून असा तक्ता पुढे जात नाही.

तुम्ही उंचीचे जे उदाहरण दिले आहे, त्याचाही इतिहास वाचावा असा आहे. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९१८ च्या एका लेखात, मेंडेलचे नियम पाळणारे अनेक घटक एकत्र आले तर उंचीसारखा सलग बदलणारा गुणधर्म कसा निर्माण होतो आणि नातेवाइकांमधील साम्य त्यातून कसे मोजता येते, हे सिद्ध केले. व्हेरिअन्सचे (आकडे किती विखुरलेले आहेत याच्या मापाचे) भाग पाडून प्रत्येक भागाला कारण जोडण्याची कल्पना त्यांनी त्याच लेखात वापरली. पुढच्याच वर्षी ते रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तेथे पिकांच्या प्रयोगांची आखणी करताना यादृच्छिक वाटप आणि ब्लॉक (सारख्या परिस्थितीतील तुकड्यांचे गट) या कल्पना त्यांनी पक्क्या केल्या. मुख्य विषयात तुम्ही शिकत असलेल्या कितीतरी गोष्टी जीवशास्त्राचे प्रश्न सोडवतानाच निर्माण झालेल्या आहेत, म्हणून हे दोन विषय एकत्र शिकणे म्हणजे दुप्पट ओझे घेणे असे मी मानत नाही.

उत्तर – काचपट्टी

मी पदवीच्या विद्यार्थ्यांची जीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेते, त्यामुळे पाठांतर आणि प्रात्यक्षिकांचा वेळ या दोन शंकांबद्दलच लिहिते.

वेळेबद्दल वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सांगितले ते खरे आहे. एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकासाठी आठवड्यातून दोन ते तीन तास प्रयोगशाळेत द्यावे लागतात, आणि अहवाल व्यवस्थित लिहायचा तर घरीही बराच वेळ जातो. म्हणून प्रात्यक्षिक असलेले दोन अभ्यासक्रम एकाच सत्रात घेऊ नयेत, आणि रिअल अॅनालिसिसच्या सत्रात तर मुळीच नको. परंतु हे तास टाळण्याचा मार्ग शोधू नका, कारण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला मायनरमधून जे मिळायला हवे त्याचा मोठा भाग त्याच तासांत असतो.

एक उदाहरण देते. सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत यीस्टच्या पेशी मोजायला शिकवतात. त्यासाठी बारीक चौकोन आखलेली एक जाड काचपट्टी असते, तिला हिमोसायटोमीटर म्हणतात. द्रावणाचा थेंब तिच्यावर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चौकोनातील पेशी मोजायच्या. पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतील तर चौकोनांतील संख्या पॉइसॉन वितरण पाळते, म्हणजे सरासरी आणि व्हेरिअन्स जवळपास सारखे येतात. द्रावण नीट हलवलेले नसेल आणि पेशींचे पुंजके राहिले असतील तर व्हेरिअन्स वाढतो आणि आकडेच सांगतात की तयारीत काही चुकले आहे. गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ४०० चौकोनांतील यीस्टच्या पेशी मोजून १९०७ मध्ये नेमका हाच अभ्यास 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केला होता, आणि टी-चाचणीकडे (लहान नमुन्यांच्या सरासरी तपासण्याच्या पद्धतीकडे) नेणारा त्यांचा लेख त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. पॉइसॉन वितरणाची सिद्धता तुम्ही वर्गात लिहिली असेल. पण चौकोनाच्या रेषेवर अर्धी आत आणि अर्धी बाहेर असलेली पेशी कोणत्या बाजूची धरायची, हे ठरवून तो नियम शेवटपर्यंत पाळण्याचा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे येणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्यांना मोजमाप किती निर्णयांतून तयार होते हे तेथे प्रथम दिसते, आणि त्यानंतर दुसऱ्याने गोळा केलेली माहिती वाचण्याची त्यांची पद्धत बदललेली मी पाहिली आहे.

आता पाठांतर. नावे लक्षात ठेवावी लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन प्राथमिक अभ्यासक्रमांत त्यांचा भार सर्वांत जास्त असतो आणि तो टप्पा तुम्ही जवळजवळ ओलांडलेला आहे. आनुवंशिकीत पोचल्यावर विषयाचे स्वरूपच बदलते. १९६१ मध्ये झाकोब आणि मोनो यांनी मांडलेले लॅक ऑपेरॉनचे उदाहरण पाहा. ई. कोलाय हा जीवाणू दुधातील लॅक्टोज पचवणारी विकरे (एन्झाइम) गरज असेल तेव्हाच तयार करतो. एरवी एक प्रथिन डीएनएवरील ठरावीक जागी बसून ते काम रोखून धरते आणि लॅक्टोज आले की बाजूला होते. परीक्षेत विचारले जाते ते असे: रोखणारे प्रथिन बिघडले तर काय होईल, त्याची बसण्याची जागा बिघडली तर काय होईल, आणि पेशीत त्या भागाची दुसरी चांगली प्रत बाहेरून आणली तर कोणता बिघाड भरून निघेल? प्रथिन पेशीत कोठेही जाऊ शकते, म्हणून चांगली प्रत त्याची उणीव भरून काढते. जागा मात्र ज्या डीएनएवर आहे त्यालाच लागू पडते, म्हणून तिचा बिघाड तसाच राहतो. हा युक्तिवाद ज्याला करता येतो त्याला ही नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. कोणतीही प्रक्रिया शिकताना ती बिघडली तर काय दिसेल हे स्वतःला विचारून त्याचे उत्तर कागदावर लिहीत गेलात, तर तुमच्या सवयीचाच अभ्यास येथेही उपयोगी पडेल.

वंशवेल यांनी सुचवलेला क्रम मला मान्य आहे, पण त्यात परिस्थितिकीला जागा नाही याचे वाईट वाटते. तळ्यातील मासे किंवा रानातील उंदीर मोजायचे झाले तर सगळे कधीच पकडता येत नाहीत. ५० प्राणी पकडून खुणा करून सोडले आणि पुन्हा पकडलेल्या ४० पैकी १० खुणेचे निघाले, तर एकूण संख्या सुमारे २०० असावी असा अंदाज निघतो. हे गणित शाळकरी मुलालाही समजेल. मात्र एकदा सापळ्यात सापडलेला प्राणी पुढच्या वेळी सापळा टाळतो किंवा खाद्याच्या ओढीने मुद्दाम येतो, काही प्राणी मधल्या काळात मरतात, काही दूर निघून जातात. आणि यांतील प्रत्येक शक्यता अंदाजाला कोणत्या दिशेने ढकलेल याचा विचार सुरू झाला की तो संख्याशास्त्राचा अत्यंत समृद्ध प्रश्न होतो. बहुतेक ठिकाणी या अभ्यासक्रमाला रसायनशास्त्राची अट नसते, आणि क्षेत्रकार्य प्रात्यक्षिक म्हणून धरले जाते.

उत्तर – अनंतश्रेणी

मी वेगळे मत मांडतो. वरील दोन्ही उत्तरांत जीवशास्त्राचे महत्त्व नीट सांगितले आहे आणि त्याच्याशी माझा वाद नाही. प्रश्न मायनर पूर्ण करण्याचा आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

जैवसंख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज तपासणारे लोक प्रथम कॅल्क्युलस, रेखीय बीजगणित, संभाव्यता आणि गणितीय संख्याशास्त्र यांतील गुण पाहतात. पुढे पीएचडीकडे जायचे असेल तर रिअल अॅनालिसिसला फार महत्त्व असते, आणि प्रोग्रॅमिंगची तयारी तर सर्वत्र अपेक्षित असते. जीवशास्त्र बहुतेक ठिकाणी असल्यास उत्तम या वर्गात मोडते. मायनरमधील पाचवा आणि सहावा अभ्यासक्रम घेण्यासाठी तुम्हाला मेझर थिअरी (मापनाचा गणिती सिद्धांत) किंवा स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (यादृच्छिक प्रक्रिया) सोडावे लागत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा आहे, कारण हे विषय पुढे एकट्याने शिकणे फार कठीण जाते, तर जीवशास्त्राचे वाचन कामाच्या ओघात वाढवता येते. आनुवंशिकी घ्या, जमल्यास आणखी एक अभ्यासक्रम घ्या आणि उरलेला वेळ एखाद्या प्रयोगशाळेच्या माहितीवर प्रकल्प करण्यात घाला. गुणपत्रिकेवर मायनर हा शब्द आला नाही म्हणून काही अडणार नाही.

इतिहासाचा दाखला द्यायचा तर गॉडफ्री हार्डी यांनी १९०८ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचे प्रमाण स्थिर का राहते हे शुद्ध गणिताने दाखवले. जीवशास्त्राची पदवी किंवा मायनर त्यांच्याकडे नव्हता.

उत्तर – वंशवेल

अनंतश्रेणी यांच्या उत्तरातील एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो: मायनरमुळे रिअल अॅनालिसिस किंवा संभाव्यतेचा वरचा अभ्यासक्रम सुटणार असेल तर मायनर सोडून द्यावा.

हार्डींच्या दाखल्यातून मात्र मी उलट निष्कर्ष काढतो. प्रभावी गुणधर्म पिढीगणिक वाढत का जात नाही, हा प्रश्न हार्डींना स्वतःला पडलेला नव्हता. आनुवंशिकीचे अभ्यासक रेजिनाल्ड पनेट यांनी तो त्यांच्यापर्यंत आणला, त्यांनी त्याचे उत्तर लिहिले आणि ते आपल्या कामाकडे परतले. त्याच वर्षी विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी हाच नियम स्वतंत्रपणे मांडला. रोज रुग्ण आणि कुटुंबे पाहणाऱ्या या माणसाने जुळ्या मुलांच्या नोंदींवरून एकसारख्या जुळ्यांचे प्रमाण कसे काढावे हे शोधले, आणि ज्या कुटुंबात रुग्ण आहे तेच कुटुंब अभ्यासात येत असल्यामुळे आजाराचे गुणोत्तर फुगते हे ओळखून त्याची दुरुस्तीही सांगितली. ही दुसरी गोष्ट निवडीतील पूर्वग्रहाची आहे आणि आजही आम्हाला रोज लागते. प्रश्न आणून देणारा कोणी शेजारी असेल तर गणित पुरते. प्रश्न स्वतःला दिसावेत अशी इच्छा असेल तर विषयात राहावे लागते. दोन अभ्यासक्रमांत ते होईल असे मला वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या अभ्यासक्रमात विद्यार्थी मूळ शोधनिबंध वाचू लागतो आणि खरी तयारी तेथे सुरू होते.

प्रतिसाद – आकडेमोड

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही एवढा वेळ काढून लिहिले आहे, त्याचा मी पुन्हा पुन्हा विचार करत आहे. अनंतश्रेणी यांची सूचना गंभीरपणे घेऊन मी मुख्य विषयाचे वेळापत्रक आधी मांडले आणि रिकाम्या जागी जीवशास्त्र बसते का ते पाहिले. मेझर थिअरी आमच्याकडे पदव्युत्तर वर्गातच शिकवली जाते, त्यामुळे ती सुटण्याचा प्रश्न येत नाही. स्टोकॅस्टिक प्रोसेसेस चौथ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ठेवता येतो.

जीवशास्त्राचा आराखडा पुढीलप्रमाणे आहे. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात रिअल अॅनालिसिस असल्यामुळे तेव्हा फक्त उत्क्रांती, कारण त्याला प्रात्यक्षिक नाही. दुसऱ्या सत्रात आनुवंशिकी प्रात्यक्षिकासह. चौथ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात परिस्थितिकी क्षेत्रकार्यासह, आणि शेवटच्या सत्रात जीनोमिक्स किंवा जीवरसायनशास्त्र. आनुवंशिकीसाठी सामान्य रसायनशास्त्राची अट आमच्याकडे नाही, असे विभागातून कळले. उत्क्रांती आधी आणि आनुवंशिकी नंतर हा क्रम चालेल का? आणि शेवटच्या जागी काय घ्यावे?

उत्तर – काचपट्टी

आराखडा विचारपूर्वक केलेला दिसतो आणि तो पाहून आनंद झाला. उत्क्रांती आधी घेण्यास हरकत नाही, मात्र त्यात पॉप्युलेशन जेनेटिक्सचा भाग किती आहे हे पाठ्यक्रमात तपासावे. जनुकांची वारंवारता, नैसर्गिक निवड आणि यादृच्छिक चढउतार यांवर निम्मे सत्र जात असेल, तर ते गणित तुम्हाला इतरांपेक्षा सोपे जाईल आणि गुणसूत्रांवर जनुके कशी जोडलेली असतात एवढेच सुटीत वाचून ठेवावे लागेल.

शेवटच्या जागी जीनोमिक्सच घ्यावे. सेंद्रिय रसायनशास्त्राशिवाय जीवरसायनशास्त्रात बसण्याची परवानगी मिळाली तरी घेऊ नये, कारण तेथे प्रत्येक विकराचे काम समजावताना कोणता अणू कोणाला इलेक्ट्रॉन देतो याच भाषेत बोलले जाते, आणि ती भाषा आलीच नाही तर ज्या पाठांतराची तुम्हाला भीती वाटते तेच उरते. पुढे औषधांच्या चाचण्यांकडे वळण्याचा विचार झाला, तर जीनोमिक्सऐवजी शरीरक्रियाशास्त्र हा दुसरा चांगला पर्याय आहे. औषध शरीरात किती वेळ टिकते आणि मूत्रपिंडे ते कोणत्या वेगाने बाहेर टाकतात हे तेथे कळते.

नोंदणीपूर्वी आणखी एक गोष्ट विचारून घ्या. आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकात कोणता जीव वापरतात, हे वेळापत्रकात लिहिलेले नसते. यीस्ट किंवा जीवाणू असतील तर काम बहुतांशी ठरलेल्या तासांत संपते. फळमाशी असेल तर तसे होत नाही. तिची पिढी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० ते १२ दिवसांची असते, आणि संकरासाठी लागणाऱ्या माद्या कोशातून बाहेर पडल्यानंतर सुमारे आठ तासांच्या आत, नरांशी संयोग होण्यापूर्वी वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी विद्यार्थ्यांना तासांव्यतिरिक्त सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी प्रयोगशाळेत यावे लागते, तेही सलग काही दिवस. त्या सत्रात तुमचे गणितीय संख्याशास्त्राचे तास सकाळचे असतील, तर प्रात्यक्षिकाची जोडी निवडताना संध्याकाळची फेरी तुम्ही घ्याल आणि सकाळची जोडीदार घेईल असे आधीच ठरवून ठेवावे, आणि प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांनाही पहिल्याच आठवड्यात तसे सांगावे.